विश्लेषण : नळाचे पाणी कुठे जड, कुठे हलके का? शंकरराव चव्हाणांनी अडवलेल्या पाण्याची गोष्ट

मराठवाड्यात पाण्याला जड आणि हलके अशी दोन विशेषणे घरोघरी लावली जातात. ज्या पाण्यात तूरडाळ वेळेत शिजते, साबणाला फेस येतो आणि चहाच्या भांड्याला पांढरा थर धरत नाही, ते हलके. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. नांदेड शहरात नळाला गोदावरीचे पाणी आले आणि हा फरक तिथल्या घरांना रोजच्या रोज कळू लागला. लातूरमध्ये नळाचे अंतर वाढले की घर बोअरवर येते आणि पाणी पुन्हा जड होते. या फरकाचे एक कारण जमिनीखालच्या खडकात आहे. दुसरे कारण नदीचे पाणी कुठे आणि किती अडवले यात आहे. हे दुसरे कारण समजून घ्यायचे तर महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

शंकरराव चव्हाण कोण होते?

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदाकाठच्या पैठण येथे झाला. संत एकनाथांचे हे गाव त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मद्रास विद्यापीठाची पदवी आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन ते वकिलीकडे वळले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली संस्थानात मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा ते त्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतर शंकररावांची कर्मभूमी नांदेड ठरली.

१९५२ मध्ये ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. पुढे राज्याचे आणि देशाचे मोठे कारभार पाहिलेल्या या नेत्याची सुरुवात शहराच्या नगरपालिकेतून झाली. रस्ते, गटारे आणि पिण्याचे पाणी हीच तिथली रोजची कामे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या राज्यात ते उपमंत्री झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यावर पाटबंधारे आणि वीज खाते त्यांच्याकडे आले. धर्माबाद आणि नंतर भोकर हे त्यांचे विधानसभेचे मतदारसंघ.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या वाट्याला मोठे धरण आले नव्हते. मांजरा नदी बीडच्या बालाघाट डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहते आणि पुढे तेलंगणात जाते. तिच्यावरचे निजामसागर धरण १९३१ मध्ये पूर्ण झाले, पण ते निजामाबादच्या बाजूला. पाणी मराठवाड्यातून जात होते, ते अडवले जात होते खाली. मराठवाडा विहिरींवर होता. विहिरीचे पाणी जिथे जड, तिथे ते वापरण्यावाचून इलाज नव्हता.

जड पाणी म्हणजे नेमके काय?

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन मूलद्रव्यांमुळे पाणी जड होते. त्यालाच शास्त्रीय भाषेत पाण्याचा कठीणपणा म्हणतात. तो एका लिटरमागे किती मिलिग्रॅम, असा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजला जातो. साधारणपणे ६० पर्यंत हलके, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे अतिजड अशी वर्गवारी वापरली जाते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे.

हा जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तात्पुरता. पाणी उकळले की त्यातला चुना तळाशी आणि कडेला बसतो. चहाच्या पातेल्यावरचा, गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तो हाच. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा कायमचा. तो उकळून जात नाही.

डाळ न शिजण्याचे कारणही यातच आहे. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ शिजताना सुटा व्हावा लागतो. पाण्यातले कॅल्शियम त्याला उलट घट्ट बांधते. म्हणून जड पाण्यात कुकरच्या शिट्ट्या वाढतात आणि गॅस जास्त जळतो. तुरीच्या डाळीची मोठी बाजारपेठ असलेल्या लातूरमध्ये बोअरच्या पाण्यावर हीच डाळ हट्ट करते.

मराठवाड्याच्या खडकात पाणी जड का होते?

नांदेडचा बराचसा भाग आणि लातूर जवळपास सगळा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा खडक तयार झाला. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी मुळात अगदी हलके. ते मातीत मुरताना मुळे आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी खडकाच्या भेगांतून सावकाश सरकते आणि जाता जाता कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे ही याच प्रक्रियेची खूण आहे.

इथे वेळ महत्त्वाचा. पाणी खडकाशी जितका काळ संपर्कात राहते, तितके ते जड होते. उथळ विहिरीत पावसाळ्यानंतर ताजे पाणी येते, म्हणून तिचे पाणी त्या दिवसांत जरा हलके लागते. खोल बोअरचे पाणी अनेक वर्षे भेगांत अडकलेले असते. पाऊस कमी म्हणजे खडक धुऊन निघण्याचे प्रमाणही कमी. कोकणातही मूळ खडक बेसाल्टच आहे, पण तिथे पाऊस कित्येक पट जास्त पडतो. त्याने वरचा थर इतका धुऊन निघाला आहे की विरघळण्याजोगा चुना फारसा उरलेला नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा, वैतरणा आणि भातसा ही धरणे अशाच पावसाच्या प्रदेशात आहेत. म्हणून मुंबईचे नळाचे पाणी हलके.

धरणातले पाणी मात्र बहुतांशी जमिनीवरून वाहून आलेले असते. पुराचे पाणी खडकात मुरत नाही, ते धावत नदीत येते. त्याला चुना उचलायला वेळच मिळत नाही. म्हणून एकाच तालुक्यात, एकाच खडकावर, धरणाचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा हलके असते. कोणत्या गावाच्या नळाला हलके पाणी येणार, हा प्रश्न इथे धरणाच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

जायकवाडी धरण पैठणला कसे आले?

गोदावरीवर मोठे धरण बांधण्याचा विचार हैदराबाद संस्थानाच्या काळापासून होता. ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावाजवळ करायचे होते. मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आल्यावर जागेचा नव्याने विचार झाला. धरण नदीच्या वरच्या अंगाला बांधले तर कालव्यातून नुसत्या उताराने जास्त जमिनीला पाणी देता येते, म्हणून शंभरहून अधिक किलोमीटर वरची पैठणची जागा ठरली. जागा बदलली, नाव मात्र जायकवाडीच राहिले.

शंकरराव पाटबंधारे मंत्री म्हणून या प्रकल्पाच्या मागे उभे राहिले. विरोध सोपा नव्हता. शंभरहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्यात शेवगाव, नेवासा भागातली गावेही होती. नदीचे पाणी वरच्या जिल्ह्यांना किती आणि खाली किती, हा वाद तेव्हापासूनचा आणि तो आजही दर उन्हाळ्यात डोके वर काढतो. विस्थापितांना मिळालेला मोबदला आणि जमीन हाही दीर्घकाळ तक्रारीचा विषय राहिला. शंकररावांचे जन्मगाव धरणाच्या पायथ्याशी होते. त्याच परिसरातल्या लोकांना घरे सोडायला सांगण्याची वेळ त्यांच्या खात्यावर आली.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. तोवर शंकरराव मुख्यमंत्री झाले होते. जलाशयाला एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हटले जाऊ लागले. त्याची साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसी आहे. त्यातला सुमारे चौथा हिस्सा मृतसाठा. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. उजव्या कालव्याचे पाणी पुढे सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात जाते.

प्रकल्प आखला गेला तो सिंचनासाठी. पण औरंगाबाद, जालना अशा शहरांची पिण्याच्या पाण्याची भिस्त पुढे याच जलाशयावर आली. शेतीसाठी अडवलेले पाणी हळूहळू नळात आले, हीच मराठवाड्यातल्या बहुतेक मोठ्या धरणांची कहाणी आहे.

मुख्यमंत्री असताना त्यांनी काय ठरवले?

फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईक यांच्यानंतर शंकरराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला मिळालेले हे पहिले मुख्यमंत्रिपद. काही महिन्यांतच देशात आणीबाणी आली आणि त्यांच्या पहिल्या कारकिर्दीचा बहुतेक काळ तिच्या छायेत गेला. कडक शिस्त, फाइलवर बारीक लक्ष आणि वेळेचा आग्रह यांमुळे त्यांना हेडमास्तर म्हटले जाई. त्यांच्या चाहत्यांसाठी तो गौरव होता, सहकाऱ्यांपैकी अनेकांसाठी तक्रार.

याच काळात पाण्याबाबत तीन मोठ्या गोष्टी घडल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला. त्याच वर्षी पाणीपुरवठा आणि मलनिःसारण मंडळासाठी स्वतंत्र कायदा झाला. हेच मंडळ आज महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणून ओळखले जाते आणि राज्यातल्या अनेक शहरांच्या नळयोजना त्यानेच उभ्या केल्या.

तिसरी गोष्ट ६ ऑक्टोबर १९७५ चा करार. गोदावरीच्या पाण्याचा वाद त्या वेळी बच्छावत लवादापुढे होता. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांनी आपापसांत समझोता केला. त्यानुसार गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राला वापरता येणार होते. त्याखाली, मांजरेवर निजामसागरच्या खाली आणि गोदावरीवर पोचमपाड धरणापर्यंत, नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा ठरली. १९८० मध्ये लवादाचा अंतिम निवाडा आला तेव्हा हा करार त्याचा भाग झाला.

नांदेडच्या नळाचा हिशेब या ६० टीएमसीत दडला आहे. पैठणखाली गोदावरीवर जे काही बांधायचे ते या मर्यादेत बसवणे भाग होते. पुढे धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा आंध्र प्रदेशाबरोबर वादात सापडला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही याच कराराच्या अर्थावरून. २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पुराचे, म्हणजे सर्वांत हलके पाणी त्या काळात खाली निघून जाते.

विष्णुपुरीमुळे नांदेडच्या नळात काय बदलले?

मे १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपद वसंतदादा पाटील यांच्याकडे गेले. पुढची काही वर्षे शंकररावांसाठी राजकीय फेरफाराची होती. ते काँग्रेसपासून दूर गेले, पुलोद सरकारात सामील झाले आणि पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. १९८० मध्ये ते नांदेडमधून लोकसभेवर गेले. केंद्रात त्यांनी शिक्षण, नियोजन, संरक्षण आणि गृह ही खाती सांभाळली. मार्च १९८६ ते जून १९८८ असे ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होते.

याच दशकात नांदेडजवळ असर्जन येथे गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प उभा राहिला. नदीच्या पात्रातच पाणी अडवायचे आणि पंपांनी ते उचलून कालव्यात सोडायचे, अशी ही उपसा सिंचन योजना. आशियातल्या मोठ्या उपसा योजनांत तिची गणना केली जाते. नांदेड, लोहा, कंधार भागातल्या शेतीला पाणी देणे हा तिचा हेतू. जलाशयाला शंकरसागर असे नाव आहे. त्याची क्षमता ८० दशलक्ष घनमीटरांच्या आसपास, म्हणजे जायकवाडीच्या तुलनेत अगदी लहान.

पण नांदेड शहरासाठी हाच साठा निर्णायक ठरला. शहराचा मोठा भाग विष्णुपुरीच्या पाण्यावर चालतो. आसना नदीवरच्या सांगवी बंधाऱ्यातूनही पाणी घेतले जाते. तिथे पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे पाणी सोडता येते. दोन्ही स्रोत भूपृष्ठावरचे. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ बसवला जातो आणि क्लोरीनने जंतू मारले जातात. या दोन्हींनी जडपणा कमी होत नाही. नांदेडच्या नळाचे पाणी बोअरपेक्षा हलके असते ते शुद्धीकरणामुळे नाही, ते मुळात पुराचे पाणी असल्यामुळे.

तरीही वर्षभर ते सारखे नसते. पावसाळ्यात ते सर्वांत हलके आणि सर्वांत गढूळ. दिवाळीनंतर नदीला येणारे पाणी मुख्यतः खडकातून झिरपलेले असते, त्यात चुना जास्त. उन्हाळ्यात जलाशयातून वाफ होऊन फक्त पाणी उडते, क्षार मागे राहतात. मे महिन्यात साठा तळाला जातो तेव्हा नळाचे पाणीही जड लागू लागते. वरून जायकवाडीचे किंवा अन्य धरणाचे पाणी सोडले तर ते पुन्हा बदलते.

लातूरची गोष्ट वेगळी का?

लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. शहराला पाणी येते ते बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगाव येथे असलेल्या मांजरा धरणातून. त्याची क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे विष्णुपुरीच्या जवळपास तिप्पट. तरी नांदेडपेक्षा लातूर जास्त वेळा तहानलेले राहिले. कारण नद्यांच्या आकारात आहे. विष्णुपुरीपर्यंत येणारी गोदावरी नाशिकच्या सह्याद्रीपासूनचे पाणी घेऊन येते, पूर्णा तिला मिळालेली असते आणि वर मोठी धरणे आहेत, ज्यांतून गरजेला पाणी सोडता येते. धनेगावला येणारी मांजरा बालाघाटच्या डोंगरात जन्मलेली आणि अजून लहान. तिच्या वर नाथसागरासारखा साठा नाही. सलग दोन-तीन पावसाळे हुकले की धरण रिकामे.

२०१६ मध्ये तेच झाले. धरणातला उपयुक्त साठा संपला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. जलदूत म्हणून ओळखली गेलेली ही गाडी पावसाळ्यापर्यंत धावत राहिली. तिच्यातले पाणी कृष्णेचे, म्हणजे सह्याद्रीच्या पावसाचे होते. काही महिने लातूरच्या घरांत दोन वेगवेगळ्या प्रदेशांचे पाणी एकत्र नांदले. एका घागरीत कृष्णेचे, दुसरीत शेकडो फूट खोल बोअरचे.

लातूरचे पाणी जड, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती खरे तर बोअरच्या पाण्याबद्दल आहे. मांजरा धरण भरलेले असते तेव्हा त्याचे पाणी नांदेडच्या पाण्याहून फार वेगळे असण्याचे कारण नाही. खडक तोच, माती तीच. पण नळाला काही दिवसांआड पाणी आले की मधले दिवस बोअर आणि टँकरवर निघतात. जितका दुष्काळ मोठा, तितके बोअर खोल. जितके बोअर खोल, तितके पाणी जुने आणि बहुधा अधिक क्षारांचे.

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअरचा प्रसार झाला तेव्हा तो दिलासाच होता. कठीण खडकात झपाट्याने छिद्र पाडणारी यंत्रे आली. जालन्यात मिशनच्या कार्यशाळेत तयार झालेल्या मजबूत हातपंपाचा वारसा पुढे देशभर बसलेल्या इंडिया मार्क टू पंपापर्यंत गेला. उघड्या विहिरीतल्या नारूसारख्या रोगांपासून या पंपांनी सुटका केली. पाणी जंतुमुक्त झाले, हलके मात्र झाले नाही.

हलके पाणी नेहमी चांगलेच का?

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व आणि आग्नेय कडेला बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट वर येतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांच्या काही भागांत हा खडक आहे. शंकररावांचा पहिला मतदारसंघ याच पट्ट्यातला. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांतून पाण्यात फ्लोराइड उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फार वाढू देत नाही. कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइड जास्त विरघळते. म्हणजे चवीला बरे आणि साबणाला फेस देणारे पाणीही धोक्याचे असू शकते. फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास १.५. ती दीर्घकाळ ओलांडली तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे, सांधे आखडतात. किनवट भागातल्या काही गावांना याची झळ बसली आहे.

याउलट नुसता जडपणा आरोग्याला घातक मानला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी आरोग्याच्या आधारावर मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो ही समजूत सर्वत्र आहे, पण तिला ठोस पुरावा मिळालेला नाही. पुरेसे पाणी न पिणे हे मुतखड्याचे मोठे आणि सिद्ध कारण आहे. म्हणून पाण्याची पारख जिभेवर किंवा साबणावर सोडता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घेता येते. तिथे जडपणाबरोबर फ्लोराइड आणि नायट्रेटही पाहून घ्यावे.

घरात काय करता येते?

तात्पुरता जडपणा उकळून, गाळून कमी होतो. डाळीसाठी आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरले तर गॅस वाचतो. चिमूटभर सोडा घालण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे, मात्र त्याने डाळीतली काही जीवनसत्त्वे कमी होतात. गिझर आणि भांड्यांवरचा थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने सुटतो. आरओ यंत्र जडपणा आणि फ्लोराइड दोन्ही कमी करते, पण गाळलेल्या पाण्याबरोबर बरेच पाणी वाया घालवते. ते फरशी, भांडी आणि शौचालयासाठी वापरणे टंचाईच्या भागात गरजेचे आहे. छतावरचे पावसाचे पाणी गाळून बोअरमध्ये किंवा विहिरीत सोडले, तर पाणी वाढते आणि त्यातले क्षार काही प्रमाणात पातळही होतात.

शंकररावांचे कोणते काम अपुरे राहिले?

पाणी अडवले तरी ते कोणत्या पिकाला जाणार, हा प्रश्न उरतो. कालव्याचे पाणी थोड्या शेतकऱ्यांच्या बारमाही उसाला न देता जास्त शेतकऱ्यांच्या आठमाही पिकांना द्यावे, या बाजूने शंकरराव उभे होते. त्यांच्या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात सरकारने आठमाही सिंचनाचे धोरण स्वीकारले. साखर कारखानदारीच्या राजकारणात हे रुचणारे नव्हते. जून १९८८ मध्ये त्यांच्या जागी शरद पवार आले. कागदावरचे धोरण शेतात फारसे उतरले नाही. मांजरा खोऱ्यात कारखाने वाढले, ऊस वाढला आणि धरणाचे पाणी पुरेना तसा तो बोअरवर जगू लागला. शेतीचा उपसा आणि घरांचा उपसा एकाच खडकातून होतो. म्हणून उसाचा निर्णय लातूरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

शंकरराव त्यानंतर केंद्रात अर्थमंत्री झाले. १९९१ ते १९९६ या काळात ते गृहमंत्री होते. बाबरी मशिदीचा विध्वंस, मुंबईतले बॉम्बस्फोट आणि लातूरजवळचा किल्लारीचा भूकंप या तिन्ही घटना त्याच कारकिर्दीत घडल्या आणि विशेषतः अयोध्येच्या हाताळणीवर त्यांच्यावर मोठी टीका झाली. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीतल्या पदांबद्दल मतभेद राहिले तरी मराठवाड्यात त्यांची ओळख पाण्यावरूनच उरली. जायकवाडी, विष्णुपुरी, इसापूर आणि पूर्णा प्रकल्प ही नावे त्यांच्या नावाबरोबर घेतली जातात.

आज प्रश्न पुढे सरकला आहे. नवे मोठे धरण बांधायला जागा आणि पाणी दोन्ही कमी आहे. लातूरसाठी दूरच्या धरणातून पाणी आणण्याच्या योजनांची चर्चा दर दुष्काळात होते. नांदेडमध्ये विष्णुपुरीतला साठा शेती, उद्योग आणि शहर यांच्यात वाटताना दर उन्हाळ्यात ओढाताण होते. खडक बदलता येणार नाही. पण धरणातला किती वाटा शहराच्या नळासाठी राखायचा, उसाला किती द्यायचा आणि बोअर किती खोल जाऊ द्यायचे, हे निर्णय दरवर्षी घेतले जातात किंवा टाळले जातात. त्यांचा परिणाम एप्रिल-मे महिन्यात नळाखाली भरलेल्या घागरीत दिसतो आणि शेगडीवर न शिजणाऱ्या डाळीतही.